अल्पशा आजाराची चौकशी

शंकरतात्या माझ्या दुकानात औषध घ्यायला क्वचितच यायचे. ते यायचे प्रश्न घेऊन. वारूळवाडीत रस्त्याला लागून माझं मेडिकल आहे. पुढे पत्र्याची शेड आणि शेडमध्ये एक लाकडी बाकडं. ते गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं, पण तात्या एसटीतून रिटायर झाले आणि त्याचा रस्त्याकडचा कोपरा त्यांचा होऊन गेला. गिऱ्हाईक उभं राहायचं, तात्या बसायचे.

"ताई, मला एक सांग," असं ते म्हणाले की समजावं, आता अर्ध्या तासाची निश्चिंती झाली.

"ही गोळी पोटात जाती. दुखणं असतंय छातीत. मग गोळीला कसं कळतं कुठं उतरायचं ते?"

मी फार्मसी शिकलेली बाई, पण हा प्रश्न मला कुणी परीक्षेत विचारला नव्हता. मी म्हटलं, "तात्या, ती रक्तात विरघळते आणि सगळीकडे जाते."

"सगळीकडं? म्हंजी पायाच्या अंगठ्यात बी?"

"अंगठ्यातही."

"अंगठ्याला काय काम तिचं? वाया गेली की राव तेवढी."

असं म्हणून ते स्वतःच्या अंगठ्याकडे बराच वेळ बघत बसले. मी डॉक्टर नाही हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, पण डॉक्टरकडे बाहेर माणसं खोळंबलेली असतात आणि माझ्याकडे नसतात, एवढा त्यांचा हिशेब साधा होता. खरं तर माझ्याकडेही असायची. तात्यांच्या प्रश्नांमुळे ती माणसंही थांबून ऐकत राहायची आणि मी हात जोडायची पाळी यायची.

तात्या उंच होते आणि मान थोडी पुढे काढून बोलायचे. जन्मभर बसच्या छताखाली वाकून उभं राहिल्याचा तो परिणाम. बसायचा कंटाळा आला की उठून शेडचा वरचा पाइप एका हाताने धरायचे आणि तसेच गप्पा मारायचे. आवाज असा की दबक्या आवाजात सांगितलेली गोष्टही समोरच्या सलूनमध्ये ऐकू जावी. लोक माझ्याकडे मूळव्याधीचं मलम मागायला यायचे तेव्हा आधी तात्या आहेत का ते डोकावून बघायचे.

कुठं जायचं हे सगळेच कंडक्टर विचारतात. तात्या 'कशाला चाललाय' हेही विचारायचे आणि माणसं सांगायची. डिंभ्याच्या गाडीवर त्यांनी बरीच वर्षं काढली होती. धरणावरची मासळी टोपल्यात घेऊन एक म्हातारा रोज त्यांच्या गाडीत चढायचा. पुढे पुढे तो पायरीवर पाय ठेवून थांबायला लागला. मग टोपलं आधी वर ठेवायचा, छाती चोळायचा आणि मागून चढायचा. ड्रायव्हर हॉर्न द्यायचा, तात्या त्याला थांबवायचे. एक दिवस म्हातारा आलाच नाही.

"मला दिसत व्हतं ताई, त्याला दम लागतोय," तात्या म्हणायचे. "कुठं चाललास हे रोज इचारलं. तुला व्हतंय काय, हे एकदाबी न्हाई इचारलं. म्हणलं, वय झालं."

हे ते फार हळहळून सांगायचे असं नाही. एखादा हिशेब लागत नसला की माणूस पुन्हा पुन्हा मांडून बघतो, तसं सांगायचे.

त्यांना दुखण्यांच्या चौकशीचा हा नाद लागला तो मात्र दत्तूमुळे. दत्तू म्हणजे तात्यांचा धाकटा सख्खा भाऊ. घरं भिंतीला भिंत लावून, शेती एकत्र. दत्तू अंगाने काटक, तंबाखू नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. टोमॅटोचा तोडा चालू असताना चार-आठ दिवस तो सरीच्या टोकाला जाऊन थांबायचा आणि जबडा चोळायचा. दाढ दुखतेय म्हणायचा. काम थांबवलं की दाढ थांबायची, हे कुणाच्याही ध्यानात आलं नाही. मग एका सकाळी बांधावरच त्याला दरदरून घाम फुटला आणि छातीवर कुणी बसल्यासारखं वाटायला लागलं. तात्या तिथेच होते. दत्तूचा मुलगा महेशही होता. तात्या म्हणाले, पित्त झालंय. आपल्याकडे छातीतल्या प्रत्येक दुखण्याचं नाव पित्त असतं, तसंच. महेश पळत जाऊन रस्त्यावरच्या टपरीवरून सोड्याची बाटली घेऊन आला. दत्तूने सोडा प्यायला, मोठा ढेकर दिला आणि सगळ्यांना हायसं वाटलं. दत्तूलाही वाटलं. तो क्रेटच्या थप्पीला टेकून बसला आणि पुन्हा उठला नाही.

आमच्याकडे माणूस गेला की संध्याकाळच्या आत चौकात फ्लेक्स लागतो. दत्तूचाही लागला. लग्नातला फेट्याचा फोटो आणि खाली 'अल्पशा आजाराने दुःखद निधन'. सुतकातच तात्या माझ्या शेडमध्ये आले. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"ताई, मला एक सांग. ह्यो अल्पसा आजार कंचा?"

मला आधी कळलं नाही.

"प्रत्येकाच्या फ्लेक्सवर हाच आजार असतोय. मी इतकी वर्षं वाचत आलोय. आमचा दत्तूबी ह्यानंच गेला म्हणतात. तुज्याकडं ह्याचं औषध असंल तर दाखीव."

त्या दिवशी मी दुकानाचं अर्धं शटर ओढलं आणि त्यांना सगळं नीट सांगितलं. हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या नळ्या असतात, आतून त्यांना चरबीचा थर धरतो, एखाद्या दिवशी तो फुटतो, त्यावर गाठ बसते आणि रक्त अडतं. जबडा, पाठ, खांदा, कुठेही दुखू शकतं. कित्येक बायकांना तर दुखतही नाही, नुसतं गळून गेल्यासारखं होतं, दम लागतो. कोलेस्टेरॉल नुसतं खाण्यातून येत नाही, आपलं लिव्हरच ते तयार करतं. कुणाच्या घराण्यातच जास्त तयार होतं. अशा घरातला माणूस काडीसारखा असला तरी त्याच्या रक्तात ते वाढलेलं असतं.

"घरचाच माल म्हण की," तात्या हळूच म्हणाले. मग म्हणाले, "महेशबी त्याच घरचा."

महेश तेव्हा तिशीच्या आतबाहेर होता. बापासारखाच काटक, बापासारखाच कमी बोलणारा.

दत्तूच्या दहाव्याला मी गेले होते. आमच्याकडे दहावा म्हणजे तालुक्याची सभाच असते. मीना नदीचा घाट माणसांनी भरलेला, प्रवचनकार, माईक, श्रद्धांजली वाहायला टोपीवाल्यांची रांग. पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. बाभळीवर दोन बसले होते, ते खाली बघायलाही तयार नव्हते. मग भावकीतले एकेक पुढे होऊन दत्तूला शब्द द्यायला लागले. शेत पडीक ऱ्हाऊ देणार न्हाई. घरच्या माणसांना अंतर देणार न्हाई. कावळे ढिम्म. मग तात्या पुढे झाले आणि कंडक्टरच्या आवाजात म्हणाले, "दत्तू, महेशचं रक्त तपासून घेतो. माझा शबूद हाय. जा आता."

कावळ्याने फांदीवर चोच पुसली आणि तो उडून पलीकडच्या काठाला गेला. लोक हसू दाबत होते. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला. पण तात्यांच्या लेखी शब्द दिला गेला होता.

तेवढ्यावर थांबतील तर ते तात्या कसले. श्रद्धांजलीची भाषणं चालू झाली. देवाला चांगली माणसं आवडतात, असं तिघांनी सांगितल्यावर तात्यांनी माईक घेतला.

"माजा भाऊ अल्पशा आजारानं गेला न्हाई," ते म्हणाले. "आठ दिस त्याची दाढ दुखत व्हती, ती दाढ नव्हती. त्या दिशी घाम फुटला, ते पित्त नव्हतं. आमी त्याला सोडा पाजला. पोरगं पळत जाऊन घेऊन आलं. ढेकर आला, आमी खूश झालो. त्या टायमाला गाडीत घातला असता तर आज तुमाला हितं याया लागलं नसतं. घरी गेल्यावर आपापल्या माणसाला इचारा, चढ चढताना काय व्हतंय. लाजू नका."

घाटावरच्या सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. तिथे महेश बसला होता, नुकतंच मुंडण झालेलं डोकं खाली घालून. 'पोरगं घेऊन आलं' एवढंच लोकांनी ऐकलं. 'आमी पाजला' कुणी ऐकलं नाही.

त्या दिवसापासून महेश तात्यांशी बोलायचा बंद झाला. भिंतीला भिंत असलेल्या घरात असं न बोलणं किती जड जातं, ते ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको.

भाषणाचा परिणाम मात्र झाला, हेही खरं. पुढच्या आठवड्यात तीन-चार माणसं माझ्याकडे येऊन इकडेतिकडे बघत म्हणाली, "ते पट्टी काढत्यात छातीची, कुठं काढत्यात?" म्हणजे ईसीजी. त्यातल्या एकाला तडक पुण्याला पाठवावं लागलं. तो आजही धडधाकट आहे आणि तात्यांचं नाव काढलं की कानाच्या पाळीला हात लावतो.

मग तात्यांना चटकच लागली. कुठेही दहावा असला की निघाले. कधी जुन्नरला, कधी अवसरी खुर्दला, कधी पार घोडनदीच्या काठाला. ओळख असो नसो. माईक मिळाला की दोनच प्रश्न. आधीच्या आठ दिवसांत ते काय म्हणत होते? आणि तुम्ही त्यांना काय दिलंत? लोकांना बोलायचं असतं, हे त्यांना बसमध्ये कळलेलं होतं. पण ते सगळ्यांसमोर बोलायचं नसतं, हे कळायला एक दणका बसावा लागला. आंबेगाव तालुक्यातल्या एका गावी मयताच्या जावयाने त्यांच्या हातातला माईक काढून घेतला.

"आमचा म्हातारा काय तुमच्या शाळंतला धडा हाय?" तो म्हणाला. "आमी मारला का त्याला? या घरातल्या बाईकडं बघा, आन् मग इचारा."

तात्यांनी त्या बाईकडे बघितलं. तिने पदराने तोंड झाकून घेतलं होतं. तात्यांनी हात जोडले, माईकपासून बाजूला झाले आणि चालत रस्त्याला लागले. हे मला त्यांनीच सांगितलं, काही न लपवता.

"त्या माऊलीनं त्याला ओव्याचं पाणी दिलं असंल ताई. जन्मभर आता तेच पाणी तिला दिसत ऱ्हाणार. मी कशाला इचारलं?" ते पाइपाला धरून उभे होते. "मेलेल्याची चौकशी न्हाई करायची आता. जित्याची करायची."

जित्यांची चौकशी त्यांनी यात्रेच्या जेवणावळीपासून सुरू केली आणि तिथे त्यांचा जो पराभव झाला तसा कुणाचाही होऊ नये. आमच्याकडे यात्रेला पाहुण्यांना मटण. रश्शावर बोटभर तर्री नसेल तर पाहुणे पुढच्या वर्षीची वाट बघत नाहीत, नाराजी त्याच वेळी कळवतात. तात्यांनी आचाऱ्याला पटवलं. पातेल्यावरची तर्री पळीने काढायची, वेगळ्या पातेल्यात भरायची आणि ते पातेलं मांडवाच्या तोंडाशी टेबलावर मांडायचं. आपण हे पोटात घालतो हे डोळ्यांनी बघितलं की माणूस दचकेल, असा त्यांचा बेत. मलाही तो पटला होता. तात्या पातेल्याशेजारी उभे राहून येणाऱ्याला सांगत होते, "बघा, हे बघा, हे तुमच्या नळीत जाऊन बसतंय."

पहिल्या पंगतीने वाकून बघितलं. दुसऱ्या पंगतीतल्या एकाने ताट पुढे केलं. "तात्या, वाढा की मग. नुसती दाखीवताय काय?" त्याला वाटलं, यंदा तर्रीचा वेगळा स्टॉल आहे. मागे रांगच लागली. तात्या नको नको म्हणत होते आणि लोक स्वतःच पळी घेऊन भाकरीवर ओतून घेत होते. दुपारपर्यंत पातेलं चाटूनपुसून साफ झालं आणि यंदाची व्यवस्था फार छान होती असं चार गावांत नाव झालं.

तात्या दोन दिवस बाकड्यावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते नवीन प्रश्न घेऊन. "ताई, मला एक सांग. माणसाला भ्या वाटतं कशाचं?"

मी म्हटलं, "तुम्हीच सांगा."

"मरणाचं न्हाई वाटत. पातेलं रिकामं व्हईल ह्याचं वाटतं."

स्वतःचं रक्तही त्यांनी तपासून घेतलं. कोलेस्टेरॉल बरंच वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी रोजची गोळी लिहून दिली. जेवणातलं तेल त्यांनी निम्मं केलं, पहाटे चालायला लागले, पण बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या हातची मासवडी सुटली नाही. मासवडी शाकाहारी आहे, तिच्यात कसलं कोलेस्टेरॉल, असा त्यांचा वाद. बेसन, तीळ आणि सुक्या खोबऱ्याचं ते सारण आणि वरून तेलाचा रस्सा, मी समजावून थकले. शेवटी 'निम्मी खाईन' यावर तह झाला. निम्मी म्हणजे कशाची निम्मी, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

गोळीच्या बाबतीत मात्र ते पक्के होते. बाकीची गिऱ्हाइकं रिपोर्ट नॉर्मल आला की गोळी बंद करतात आणि वर मला सांगतात, की बरं वाटतंय, आता कशाला. माझं टाळकं फिरतं. तात्या अशा माणसाला बाकड्यावर बसवून घ्यायचे. "माळशेजचा उतार उतरतोय आपण," ते म्हणायचे. "डायवरचा पाय ब्रेकवर हाय म्हणून गाडी हळू चाललीय. गाडी हळू चाललीय म्हणून त्यानं पाय काढला तर बसशील का तू त्या गाडीत?" यावर बहुतेक माणसं गोळ्या घेऊन जायची. डोस कमी करायचा तर डॉक्टर करतील, आपण नाही, हे मी मागून ओरडून सांगायची.

सकाळी महेशची पिकअप टोमॅटोचे क्रेट घेऊन मार्केटला जायची, ती माझ्या दुकानावरूनच. तात्यांनी आपली गोळी घ्यायची वेळ तीच ठरवली. खरं तर ती रात्री घेतली तरी चालली असती. पण पिकअप वळणावर दिसली की तात्या उभे राहायचे, गोळी दोन बोटांत उंच धरायचे, मग तोंडात टाकून वर पाणी प्यायचे. महेश सरळ रस्त्याकडे बघत निघून जायचा. गाडी गेली की तात्या खाली बसून म्हणायचे, "बघितलं त्यानं. डोळ्याच्या कोपऱ्यातनं बघितलं." मला तसं कधी दिसलं नाही, पण मी हो म्हणायची.

एकदा तात्या नसताना महेश दुकानात आला, डोकेदुखीची गोळी मागायला. मी संधी साधली. म्हटलं, रक्त तपासून घे. तुझ्या वडिलांचं वय काही जायचं नव्हतं.

"मी बारीक हाय. दिवसभर क्रेट उचलतोय. मला काय धाड भरलीय?"

"तुझे वडीलही बारीकच होते."

गोळीची पट्टी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "ताई, सगळ्या गावाम्होरं त्यांनी माज्या हातात ती बाटली दिली. आता सुई बी त्यांच्याच हातनं टोचून घेऊ का?"

हे मी तात्यांना सांगितलं. सांगावं की नाही याचा विचार केला, पण सांगितलं. ते इतके थक्क झाले की पाइपाला धरलेला हात सुटला.

"पण सोडा आण असं मीच म्हणालो व्हतो त्याला. तो तर दवाखान्यात जाऊ म्हणत व्हता. हे मी माईकवर बोललो न्हाई व्हय?"

"नाही तात्या. पोरगं घेऊन आलं, एवढंच बोललात."

ते बाकड्यावर बसले. त्या दिवशी आणखी एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही. पुढे ते महेशच्या दारापर्यंत जाऊन परत आल्याचं काकूंनी मला सांगितलं. अनोळखी माणसाला शौचाला साफ होते का हे विचारणारा हा माणूस, आणि स्वतःच्या पुतण्याच्या दारात त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं. रोज मला मात्र विचारायचे, "आला व्हता का गं?" मी नाही म्हणायची.

माघ सरता सरता एका सकाळी तात्या नेहमीपेक्षा उशिरा आले आणि बसले. मी औषधांचे खोके उघडत होते. बराच वेळ झाला तरी 'ताई, मला एक सांग' आलं नाही, म्हणून मी वर बघितलं.

"पित्त झालंय जरा," ते म्हणाले. "ते पांढरं औषध दे घोटभर."

थंडी होती आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. मी विचारलं, कधीपासून. मघापासून, देवळामागं जरा बसून आलो, म्हणाले. आठवडाभर चालताना दम लागत होता, हेही मग हळूच निघालं. गावभर लोकांना विचारत हिंडणाऱ्या माणसाने हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

"तात्या, तुम्हीच सांगत असता ना सगळ्यांना?"

"दुसऱ्याला व्हतं ते येगळं," ते म्हणाले. "माजं पित्तच हाय. काल मासवडी जास्त झाली."

मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितलेली गोळी तात्यांना चावून खायला लावली. गाडीसाठी रस्त्यावर धावले तर वळणावरून महेशची पिकअप येत होती. मी आडवीच उभी राहिले. महेश उतरला, शेडमध्ये आला आणि तात्यांच्या तोंडाकडे त्याने एकदाच बघितलं. त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उचललं आणि पुढच्या सीटवर बसवलं. मी मधे बसले. मागचे क्रेट तसेच राहिले आणि हायवेच्या प्रत्येक खड्ड्याला त्यातले टोमॅटो रस्त्यावर पडत होते.

तात्या घाबरले होते का, हे मला आजही सांगता येणार नाही. ते आत काहीतरी ऐकत असल्यासारखे बसले होते. मग म्हणाले, "डाव्या हाताला काहीच न्हाई गं. जबड्यात येतंय. दाढच दुखतीय असं वाटतंय... दत्तू खोटं बोलत नव्हता." थोड्या वेळाने म्हणाले, "महेश, सोडा मी आणाया लावला व्हता तुला. तू दवाखान्यात चला म्हणत व्हतास. माईकवर तेवढं बोलायचं ऱ्हायलं."

"गप बसा तात्या," महेश म्हणाला. त्याचे डोळे रस्त्यावर होते आणि गालावरून पाणी वाहत होतं. "बोलू नका. दम लागंल."

हायवेवरच्या दवाखान्यात त्यांना लगेच स्ट्रेचरवर घेतलं. पट्टी काढली, डॉक्टर धावपळीला लागले, एक नर्स त्यांच्या हातातून रक्त घ्यायला वाकली. तात्यांनी हात आखडून घेतला.

"आधी ह्याचं घ्या," ते महेशकडे मान करून म्हणाले.

"बाबा, आधी तुमचं घेऊ द्या," डॉक्टर चिडून म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं. तात्यांनी हात पुढे केला नाही. तेव्हा महेशने शर्टाची बाही कोपराच्या वर सरकवली आणि तात्यांच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. टोमॅटोच्या पानांनी त्याची बोटं काळी-हिरवी झाली होती. "सिस्टर, दोघांचंबी घ्या," तो म्हणाला.

तात्यांनी हात सैल सोडला. नर्सने दोघांचं घेतलं. तात्या मान उचलून महेशची नळी भरताना बघत होते. तोंडाला लावलेला मास्क त्यांनी बाजूला सारला.

"ह्याचं कधी कळतं, बाई?"

"संध्याकाळपर्यंत येईल रिपोर्ट."

"बरं," तात्या म्हणाले. "मग थांबतो."

त्यांना आत नेलं. दार मिटेपर्यंत त्यांची मान महेशच्या बाजूलाच होती.

डॉक्टरांनी शर्थ केली, पण उशीर झाला होता. दुपार कलायच्या आत त्यांनी बाहेर येऊन सांगितलं, तात्या गेले. काकू, भावकी, सगळे जमले. त्यांची मुलगी मुंबईहून यायची होती म्हणून तात्यांना तिथेच एका खोलीत ठेवलं होतं. दिवेलागणीला नर्सने महेशच्या हातात कागद दिला. त्याने तो मला दाखवला. कोलेस्टेरॉल तात्यांच्यापेक्षाही जास्त निघालं होतं. डॉक्टरांना भेटून आजच गोळी सुरू कर, मी म्हटलं. तो हो म्हणाला.

मग तो कागद घेऊन त्या खोलीत गेला. मी दारातच थांबले. तात्यांच्या उशाशी उभं राहून त्याने तो रिपोर्ट पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला, आकड्यांसकट.